गुलाबांच्या अंकात जाहिरात घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. गच्चीवर 60 कुंड्या आहेत, त्यांतल्या 52 गुलाबांच्या. 2019 मध्ये मी आणि माझी एक मैत्रीण, अशा दोघींनी मिळून गुलाबांवरचा एक छोटा अंक सुरू केला. दर तीन महिन्यांनी 24 पानांची पीडीएफ करतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. फुकट. सुरुवातीला 40 जण होते, आता धुळे-जळगावपर्यंतचे मिळून 1,400 झालेत. फक्त दिवाळीचा अंक 48 पानी आणि छापील असतो, 200 प्रती. त्या आम्ही ओळखीपाळखीत भेट देतो. गेल्या वर्षी त्याला 26 हजार खर्च आला, तो दोघींनी निम्मा-निम्मा घातला.

अंकातलं सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे ‘काय जगलं, काय मेलं’. कुठल्या नर्सरीतून कुठलं कलम आणलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे वाचक नावानिशी कळवतात. ते पान मैत्रीण सांभाळते.

यंदा तिघांनी जाहिरातीबद्दल विचारलं. एक नर्सरी शेवटच्या पानाचे दर अंकाला 5 हजार देते म्हणते, शिवाय दर अंकात त्यांच्या कलमांवर एक लेख हवा. फुलं वाढवणारी पावडर विकणारे एक जण वर्षाचे 12 हजार आणि हवी तेवढी पाकिटं द्यायला तयार आहेत. पण ‘जाहिरात असं लिहू नका, तुमचा अनुभव म्हणून लिहा’ असं त्यांचं म्हणणं. आणि कॉलेज रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानाला दिवाळी अंकात 1,500 ची शुभेच्छा जाहिरात द्यायची आहे.

मिस्टर म्हणतात, घे, त्यातून एखादा मुलगा पगारावर ठेव, तुझे रात्रीचे डोळे फोडणं तरी थांबेल. नर्सरीवाल्यांना मी ‘बघते’ म्हणून सांगितलं आणि मग मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, जाहिरात आली की माझं नाव काढ. काय करू?

— एक वाचक, नाशिक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा जाहिरातींसाठी आणि दुसऱ्यांदा एका वाक्यासाठी. नर्सरीवाल्यांना ‘बघते’ म्हटलं ‘आणि मग’ मैत्रिणीला फोन केला, ते वाक्य. त्याच्याकडे येतोच. आधी पैशांचं बोलू, कारण पैसे नक्की कशाला हवेत हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि बाकी सगळं पत्र ते कुणाकडून घ्यावेत यावर लिहिलंत.

नर्सरीचे चार अंकांचे 20 हजार, पावडरवाल्यांचे 12 हजार, चष्म्याचे दीड हजार. साडेतेहतीस हजार झाले. आणि खड्डा किती? 26 हजार, तोही वर्षातून एकदा. पीडीएफला तुमची रात्र जाते, पैसा जवळजवळ जात नाही. म्हणजे तुमचा सगळा प्रश्न त्या 200 छापील प्रतींचा आहे. एक प्रत 130 रुपयांना पडते आणि तुम्ही ती वाटून टाकता.

वाटू नका. विका. 150 रुपये ठेवा, टपाल वेगळं. गणपतीच्या सुमारास सगळ्यांना एक निरोप पाठवा की यंदा प्रती आगाऊ नोंदणीवरच छापणार, पैसे अमुक तारखेपर्यंत. 1,400 पैकी 200 म्हणजे सातांतला एक. सहा वर्षांहून जास्त काळ फुकट वाचणाऱ्या सात माणसांतला एकही दिवाळीला दीडशे रुपये काढणार नसेल, तर अंक कशासाठी छापायचा याचाच विचार करावा लागेल. पण काढतील. मराठी माणूस ऑक्टोबरमध्ये दिवाळी अंकांवर पैसे घालवायला तयार असतो, ती सवय आपल्याला गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. 120 जणांनीच नोंदणी केली तर 120 छापा. प्रत जरा महाग पडेल, तेवढी किंमत वाढवा.

हे मी आधी एवढ्यासाठी सांगितलं की खड्डा बुजल्यावर तुम्ही त्या तिघांकडे पाहाल तेव्हा वेगळं दिसेल. गरजेच्या वेळी आलेला जाहिरातदार देव वाटतो.

आता माझी एक जुनी गोष्ट. आमचं गाण्याचं छोटं मंडळ होतं. महिन्याला एक बैठक, आणि तिचा वृत्तान्त देणारं चार पानी पत्रक, ते मी काढायचो. लाउडस्पीकर पुरवणाऱ्या एका गृहस्थांनी पत्रकाला जाहिरात दिली, महिन्याला 300 रुपये. तेव्हा तेवढ्यात कागद सुटायचा. बैठकीचा माईकही त्यांचाच असे. एकदा मारुबिहागाचा विलंबित ख्याल चालला होता, बुवा नुकते कुठे लागले होते, आणि उजवीकडच्या स्पीकरने शिट्टी मारली. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. बुवांनी डोळे उघडून बघितलं. तानपुऱ्यावरच्या मुलीने मान खाली घातली. पुढच्या पत्रकात मी आलापी लिहिली, तबला लिहिला, संवादिनीची साथ लिहिली, मध्यंतरातल्या चहालाही एक ओळ दिली. शिट्टी लिहिली नाही. लिहू नको असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या गृहस्थांनी तर पत्रक कधी उघडलंही नसेल. पुढच्या बैठकीला पहिल्या रांगेत बसणारे एक वयस्कर श्रोते आले, खिशातून पत्रकाची घडी काढली आणि म्हणाले, “छान लिहिलंय. तुम्ही त्या दिवशी होतात ना हॉलमध्ये?”

तुमच्या नर्सरीवाल्यांबद्दल मला काहीच वाईट म्हणायचं नाही. माणूस भला असेल, कलमंही चांगली असतील. पण डोळ्यांपुढे आणा. डिसेंबर उजाडला आहे, मैत्रीण ‘काय जगलं, काय मेलं’ लावायला बसली आहे आणि सिडकोतल्या कुणीतरी फोटो पाठवला आहे. कुंडी उलटी केली तर चिकणमातीचा लाल गोळा जसाच्या तसा, मुळं बाहेर फिरकलेलीच नाहीत. वर चांगल्या गुलाबाचा डोळा भरला होता तिथे काळं पडलंय आणि खालून खुंटाची, म्हणजे ज्या रानटी झाडावर कलम बांधतात त्याची, फूट जोरात वर चाललीय. कलम मेलं, खुंट जगला. नर्सरी हीच, शेवटच्या पानावरची. पहिल्या खेपेला तुम्ही दोघी छापाल, ताठ मानेने छापाल. दुसऱ्या खेपेला ‘एकदा त्यांना विचारून घेऊ या का’ असं म्हणाल. तिसऱ्या खेपेला जागा नसेल.

समजा तुम्ही लोखंडाच्या आहात आणि प्रत्येक खेपेला छापलंत. तरी वाचकाला ते कसं कळणार? एखाद्या अंकात खरंच जागा नव्हती म्हणून कुणाची तक्रार राहिली, तर तो शेवटचं पान बघेल आणि मनाशी हिशेब करेल. तुम्ही काही केलं नसतानाही तो हिशेब तुमच्या नावावर लागेल. ते पान वाचक वाचतात, कारण ते लिहिणाऱ्याला कुणाचं देणं नाही. गच्चीवरचा माणूस दीड-दोनशे रुपयांचं कलम घेताना फसला तर कोर्टात जात नाही, ग्राहक आयोगात जात नाही. तो तुमच्या मैत्रिणीला फोटो पाठवतो. तेवढीच त्याची दाद.

शिवाय त्यांची अट नीट वाचा. शेवटचं पान हे नुसतं निमित्त आहे. त्यांना हवा आहे तो लेख. रंगीत चौकटीतली जाहिरात लोक अंगठ्याने पुढे ढकलतात हे नर्सरीवाल्यांनाही कळतं. तुमच्या नावाने, तुमच्या भाषेत, तुमच्या गच्चीवरच्या फोटोसकट त्यांच्या कलमाचं कौतुक आलं, तर ते 5 हजारांत फार स्वस्त पडतं.

तेव्हा नर्सरीला नाही म्हणा. आणि नाही म्हणताना त्यांना एक गोष्ट द्या, फुकट. अंकात एक पान नर्सऱ्यांच्या यादीचं करा. नाशिकमधल्या आणि आसपासच्या सगळ्या, नाव, ठिकाण, वेळ, काय मिळतं. कौतुक नाही, तक्रार नाही, पैसे नाहीत. ज्या गावाला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत, तिथे गुलाबाची कलमं कुठे मिळतात याची धड यादी नसावी, हे मला तरी बरं वाटत नाही. वाचकांच्या उपयोगाचं काम होईल आणि त्या गृहस्थांचं नावही येईल, बाकीच्यांच्या शेजारी. त्यांना फारच प्रेम असेल तर दिवाळी अंकाच्या 20 प्रती दीडशेच्या भावाने विकत घेऊन गिऱ्हाइकांना वाटू देत. ते चालेल. भाव मात्र सगळ्यांना तोच.

पावडरवाल्यांचं प्रकरण सोपं आहे, पण त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण असे लोक तुम्हाला पुन्हा भेटतील आणि दर वेळी पाकिटाचा रंग वेगळा असेल.

त्यांचं पत्रक तुम्ही सोबत पाठवलंत. ‘15 दिवसांत दुप्पट फुलं.’ ताई, तुम्ही दर वर्षी पाऊस ओसरला की छाटणी करता. कात्री लागल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत किती दिवस जातात? साधारण 45 ते 50. जातीप्रमाणे आणि थंडीप्रमाणे थोडं मागेपुढे. मग पावडर टाकल्यावर पंधराव्या दिवशी जे फूल दिसतं, त्याच्या कळीची तयारी पावडर यायच्या कितीतरी आधी झालेली असते. श्रेय पावडरीला जातं, काम तुमच्या शेणखताने आणि उन्हाने केलेलं असतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेच तुमच्या सहीने उलटं छापून हवंय, त्याचे 12 हजार.

पत्रकात दुसरी ओळ आहे, ‘थ्रिप्सवरही गुणकारी’, थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. आणि पाकिटाच्या फोटोत घटकांच्या जागी ‘100 टक्के नैसर्गिक’ एवढंच. आता बघा. खत म्हणून विकायचं असेल तर 1985 चा खत नियंत्रण आदेश आहे, पिशवीवर घटक आणि त्यांचं प्रमाण छापावं लागतं. ही ‘वाढ सुधारणारी’ जैव-उत्तेजकं म्हणतात तीसुद्धा 2021 मध्ये त्याच आदेशाखाली आणली गेली. आणि कीड मारतं म्हणायचं असेल तर मामला कीटकनाशक कायद्याचा, 1968 चा. मग पाकिटावर नोंदणी क्रमांक हवा आणि तो चौकोनातला रंगीत त्रिकोण हवा, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, विषारीपणाप्रमाणे. शेतकऱ्याच्या घरातलं पोरही तो त्रिकोण ओळखतं. या पाकिटावर प्रमाण नाही, क्रमांक नाही, त्रिकोण नाही. खत म्हणावं तर खत नाही, औषध म्हणावं तर औषध नाही. कुणाच्या नातवाने गच्चीवर हे हाताळलं तर डॉक्टरला काय सांगायचं?

आता ‘जाहिरात असं लिहू नका, अनुभव म्हणून लिहा’. हे तर त्यांनी लिहून पाठवलंय, म्हणजे धाडसच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा. त्याखाली जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. मग जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना-पुस्तिका काढली. त्यांचा मथितार्थ असा की शिफारस करणाऱ्याला विकणाऱ्याकडून काहीही मिळत असेल, रोख, फुकट पाकिटं, सवलत, सहल, किंवा घरचं नातं असेल, तर ते ठळकपणे सांगायचं. मजकूर ज्या भाषेत त्याच भाषेत. शेवटी बारीक टायपात नाही. आणि स्वतः वापरली नसेल त्या वस्तूची शिफारस करायची नाही. दिशाभूल केल्याचं ठरलं तर कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. वर शिफारस करायला वर्षभर बंदी होऊ शकते, दुसऱ्या खेपेला तीन वर्षं.

24 पानांच्या पीडीएफसाठी इंदिरानगरातल्या गच्चीवर कुणी दंडाची पावती घेऊन येईल असं मला वाटत नाही. कायदा सांगितला तो एवढ्यासाठी, की त्यांना उत्तर देताना तुम्हाला संकोच वाटू नये. उत्तर असं पाठवा:

‘नमस्कार. आमच्या अंकात सशुल्क मजकूर लेख म्हणून छापला जात नाही. आपल्या पाकिटावर घटकांचं प्रमाण आणि नोंदणी क्रमांक नाही, त्यामुळे त्याबद्दल काही लिहिताही येणार नाही. नमुना पाकिटं पाठवू नयेत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पाकिटं येतात, कोपऱ्यात पडतात, एक दिवस आपण ‘टाकून तर बघू’ म्हणतो आणि मग मनाला लागतं की बिचाऱ्याने एवढं पाठवलं तर दोन ओळी लिहाव्यात.

राहिला चष्मेवाला. त्याची जाहिरात घ्या. खुशाल घ्या, दोन ओळी माझ्याकडूनही शुभेच्छा म्हणा. तुम्हाला एकाही वाचकाने कधी विचारलं आहे का, की ताई, बायफोकल कुठून करू? नाही ना. मग तो पैसा तुमच्या कुठल्याच वाक्याच्या आड येत नाही. गणेश मंडळाच्या अहवालात असतात तशी ही शुभेच्छुकांची जाहिरात आहे. त्या दुकानदाराला तुमच्या 200 प्रतींतून किती गिऱ्हाइकं मिळणार हे त्यालाही ठाऊक आहे. त्याची बायको गुलाब लावत असेल, एवढंच.

अशा आणखी चार-पाच घ्यायला हरकत नाही. वाण्याची, शिंप्याची, पुस्तकांच्या दुकानाची, मिसळवाल्याची. मिसळवाल्याची तर आवर्जून घ्या, नाशिकचा अंक आहे म्हटल्यावर. कुंडी, माती, खत, औषध, कलम, कात्री, ठिबकच्या नळ्या, हे विकणाऱ्यांची मात्र एकाचीही नको, ओळखीच्याचीही नको, भावाचीही नको. ज्या वस्तूबद्दल वाचक तुम्हाला विचारतो, ती विकणाऱ्याचा पैसा नाही. एवढी एकच रेघ ओढा, बाकीचं जमत जातं. आणखी एक, ‘इच्छुक’ मंडळींचे हात जोडलेले फोटो येतील, त्यांना लांबूनच नमस्कार. पुढे 2027 चा सिंहस्थ आहे, नाशकात जिथे भिंत दिसेल तिथे कुणाचा ना कुणाचा चेहरा लागणार आहे. तुमची 48 पानं तेवढी मोकळी राहू देत.

छापताना मात्र काळजी घ्या. वर ‘जाहिरात’ हा शब्द, मजकुराएवढ्याच टायपात. चौकट. सगळ्या जाहिराती शेवटी एकत्र, चार पानांच्या वर नाहीत, लेखाच्या मध्ये एकही नाही. दर एकच, पाव पानाला दीड हजार, ओळखीने कमी नाही आणि आग्रहाने जास्त नाही. छापण्याआधी जाहिरातदाराला फक्त त्याची चौकट दाखवायची, बाकी अंक नाही.

आणि जमाखर्च छापा. गणपतीची वर्गणी देताना आपण पुढच्या वर्षी अहवाल मागतो की नाही? तसंच. दिवाळी अंकाच्या आतल्या पानावर सहा ओळी: प्रती किती, छपाई किती, विक्रीतून किती, जाहिरातींतून किती आणि कुणाकडून, शिल्लक किंवा तूट किती. तूट आली तर तीही. हे पान फार लोक वाचणार नाहीत, पण ते आहे हे सगळ्यांना दिसेल. आणि तुम्हालाही ते लिहिताना दर वर्षी एकदा कळेल की कुणाचं नाव छापायला आपल्याला अवघड जातंय.

त्याच पानावर खाली दोन वाक्यं कायमची ठेवा. मी लिहून देतो, तुम्ही सुधारा: ‘गुलाबाची कलमं, खतं, औषधं आणि बागेचं सामान विकणाऱ्यांच्या जाहिराती या अंकात घेतल्या जात नाहीत. परीक्षणासाठी आलेल्या वस्तू परत केल्या जातात.’ पुढच्या वेळी कुणाचा फोन आला की वाद घालायचा नाही, ते पान पाठवून द्यायचं. ‘नाही’ तोंडाने म्हणायला आपल्याकडे फार जड जातं, विशेषतः समोरच्याने चहा पाजला असेल तर. छापलेलं असलं की सोपं.

कराचं थोडक्यात. विक्रीचे आणि जाहिरातीचे पैसे हे उत्पन्नच आहे, विवरणपत्रात दाखवा, छपाईची बिलं फाइलला लावा. कोणत्या खात्यावर पैसे घ्यायचे ते दोघींनी ठरवून घ्या. जीएसटीची चिंता सोडा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, तिथे पोचायला तुम्हाला बरेच चष्मे लागतील.

मिस्टरांना सांगा की तुमच्या डोळ्यांबद्दलची त्यांची काळजी मला पटली. उपाय पटला नाही. जाहिरातीच्या भरवशावर मुलगा ठेवलात तर दर महिन्याला त्याचा पगार उभा. मग पुढच्या वर्षी नर्सरीने लेखाची अट घातली तर नाही कसं म्हणाल? तुमच्या हातात ‘नाही’ राहिलेलं नसेल, त्या मुलाच्या घरच्या चुलीचा प्रश्न असेल. जाहिरातीचा पैसा एकदाच होणाऱ्या खर्चाला लावा, कागदाला, छपाईला. उद्या बंद झाला तर अंक चार पानांनी बारीक होईल, बस. रात्री जागावं लागू नये म्हणून वर्षाला चारऐवजी तीन अंक काढा की. गुलाबाला तर उन्हाळ्यात तसंही फार काही सांगायचं नसतं, पाणी घाला आणि सावली करा. किंवा 1,400 जणांत पान लावता येणारी एखादी कॉलेजची पोर सापडते का विचारा. तिला तुमच्या हातची चार कलमं द्या.

आता ते वाक्य.

मैत्रिणीला जाहिरातीचा राग आला आहे असं तुम्हाला वाटतंय. थोडा असेलही. पण मला वाटतं की तिला आधी न विचारल्याचं जास्त लागलंय. अंक दोघींचा. खर्च निम्मा-निम्मा. आणि जे पान नर्सरीच्या पैशाने सगळ्यांत आधी अडचणीत येणार, ते तिचं. तरी नर्सरीला ‘बघते’ हे तिच्या आधी कळलं. आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे अर्धं ‘हो’च असतं, हे तिलाही कळतं आणि नर्सरीलाही. तिने ‘माझं नाव काढ’ म्हटलं, कारण तिच्या हातात काढण्यासारखं तेवढंच होतं.

फोन करू नका. मेसेज तर मुळीच नको. घरी जा. हे माझं उत्तर तिला दाखवू नका, ‘बघ, त्यांनीपण हेच लिहिलंय’ याने माणसं आणखी दुखावतात. आधी एवढं सांगा की नर्सरीला ‘बघते’ म्हणायला नको होतं. मग चष्मेवाल्याचं तिला विचारा, ठरवून टाकल्यासारखं नाही, खरंच विचारा. ती नाही म्हणाली तर चष्मेवालाही नाही. दीड हजारांसाठी अर्धा अंक कशाला घालवायचा? आगाऊ नोंदणीवर तुमचं भागतंय, वर हिशेब केलाच आहे. ती हो म्हणाली तर जाहिरातीच्या पानांची कात्री तिच्या हातात द्या. काय घ्यायचं नाही हे तिला तुमच्यापेक्षा लवकर कळतं, असं पत्रावरून दिसतंय.

आणि नर्सरीवाल्यांना कळवायचं ते तिच्याकडून परत आल्यावर, आधी नाही.

दिवाळी अंकाच्या दोन प्रती माझ्या नावावर लावून ठेवा, 300 रुपये आणि टपाल पाठवतो. माझ्याकडेही एक कलम गेल्या पावसाळ्यात गेलं. कुठून आणलं होतं ते फोटोसकट तुमच्या मैत्रिणीच्या पानासाठी कळवतो. नाव छापायला माझी हरकत नाही.